नागरिकत्वाची तोंडी परीक्षा

परदेशात जन्मलेल्या माणसाला कायद्याने नागरिक करून घेण्याच्या प्रक्रियेस देशीयकरण म्हणतात, आणि अमेरिकेत या प्रक्रियेच्या शेवटच्या टप्प्यावर नागरिकत्व खात्याचा अधिकारी अर्जदाराला समोर बसवून जी परीक्षा घेतो, ती बहुतांशी तोंडी असते. तिचे दोन भाग आहेत: एक इंग्रजी भाषेचा, आणि दुसरा त्या देशाचा इतिहास व राज्यव्यवस्था यांचा, म्हणजे आपल्याकडील नागरिकशास्त्राचा. मराठी घरांतून तिची तयारी छापील प्रश्नोत्तरांच्या पाठांतराने सुरू होते आणि बहुधा तिथेच आटोपते. परंतु परीक्षेची घडण पाहिली तर पाठांतर हा तिचा सर्वांत सोपा भाग ठरतो, आणि शिक्षकाचे खरे काम त्याच्या बाहेरच उरते.

इंग्रजीची अट अमेरिकेच्या कायद्यात मुळापासून नव्हती. १७९० च्या पहिल्या कायद्याने भाषेची नव्हे, वर्णाची अट घातली आणि देशीयकरणाचा मार्ग केवळ स्वतंत्र गोऱ्या माणसांसाठी खुला ठेवला. इंग्रजी बोलता येण्याची अट १९०६ मध्ये आली, लिहिण्या-वाचण्याची आणि नागरिकशास्त्राची १९५० मध्ये, आणि आज लागू असलेली चौकट १९५२ च्या कायद्यातील आहे, ज्याने वर्णाची अटही कायमची काढून टाकली. मधल्या काळात इंग्रजी कितीही उत्तम असले तरी ते हिंदी माणसाच्या उपयोगी पडले नाही. सखाराम गणेश पंडित हे कॅलिफोर्नियात वकिली करणारे गृहस्थ १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात त्यांनीच चालवला. १९२३ मध्ये न्यायालयाने हिंदी लोक कायद्याच्या अर्थाने गोरे नाहीत असा निर्णय दिला, त्यानंतर सरकारने खुद्द पंडितांचेच नागरिकत्व रद्द करण्यासाठी दावा लावला, आणि तो त्यांनी स्वतः लढून १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला. हिंदी लोकांना देशीयकरणाचा हक्क मिळण्यास १९४६ साल उजाडावे लागले.

आज या परीक्षेला बसणाऱ्या मराठी माणसांपैकी अभियंते आणि डॉक्टर यांना शिकवण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो त्यांच्या आई-वडिलांचा. नागरिक झालेल्या सज्ञान मुलाला आपल्या आई-वडिलांसाठी कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, वार्षिक कोट्याच्या रांगेत न थांबता मिळवता येतो, आणि त्यानंतर पाच वर्षांनी ते स्वतः नागरिकत्वाच्या अर्जास पात्र होतात. वयस्कर अर्जदारांना इंग्रजीतून सूट आहे खरी, पण ती वयाबरोबर वास्तव्यही मोजते: पन्नाशी उलटलेल्याने ग्रीन कार्डावर वीस वर्षे काढलेली असावीत, पंचावन्न उलटलेल्याने पंधरा. बासष्टाव्या वर्षी गेलेल्या आजीला ही सूट सत्त्याहत्तराव्या वर्षी मिळणार, म्हणजे ज्यांना तिची सर्वाधिक गरज ती माणसे नेमकी तिच्याबाहेर राहतात.

त्यांना नागरिकत्व हवे तरी कशासाठी, याचे उत्तर गावाकडे आहे. ग्रीन कार्डधारकाने सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर काढला तर त्याचे अखंड वास्तव्य तुटल्याचे नागरिकत्वाच्या अर्जात गृहीत धरले जाते आणि ते तुटले नाही हे त्यालाच सिद्ध करावे लागते. वर्षाहून अधिक काळ आगाऊ परवानगीवाचून बाहेर राहिल्यास कार्डच धोक्यात येते. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या घरी सलग एक वर्ष राहू इच्छिणाऱ्या वृद्ध दांपत्याला त्यामुळे अमेरिकेचे नागरिक होऊन, भारताचा पासपोर्ट परत करून, 'ओसीआय' म्हणजे समुद्रपार भारतीय नागरिक या नोंदणीवर गावी येणे अधिक सोयीचे पडते. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही; ओसीआय हे नाव नागरिकत्वाचे असले तरी त्या नोंदणीत मताधिकार नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, ती वारशाने मात्र येऊ शकते. गावात अधिक राहता यावे म्हणून गावच्या मतदार यादीतून नाव काढावे लागावे, ही या व्यवस्थेतील विसंगती फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

मुलाखतीत इंग्रजी बोलण्याची परीक्षा स्वतंत्र नसते. 'एन-४००' हा अर्जदाराने आधीच भरून दिलेला अर्ज अधिकारी पुन्हा तोंडी विचारतो आणि त्या संभाषणावरूनच अर्जदाराला इंग्रजी समजते की नाही हे ठरवतो. या अर्जात 'हॅव यू एव्हर' अशी सुरुवात असलेल्या प्रश्नांची लांबच लांब माळ आहे: कधी अटक झाली आहे काय, कर थकवला आहे काय, आपण नागरिक असल्याचा खोटा दावा केला आहे काय. समोरचा बोलत असताना मान हलवत 'हो, हो' म्हणणे ही मराठी वडीलधाऱ्यांच्या ऐकण्याची रीत, आणि त्या 'हो'चा अर्थ 'ऐकतो आहे' एवढाच असतो. तीच सवय इंग्रजीत 'येस, येस' होऊन अटकेच्या प्रश्नावर उमटली की उत्तराचा अर्थ पालटतो. म्हणून जाणता शिक्षक पहिले कित्येक तास नागरिकशास्त्राकडे वळतच नाही. प्रश्न पुरा होईपर्यंत गप्प राहणे, क्रियापद ओळखणे आणि न कळल्यास 'प्लीज रिपीट' म्हणणे एवढेच तो घोटून घेतो. या शेवटच्या गोष्टीचा संकोच वृद्धांना फार असतो, वास्तविक प्रश्न पुन्हा विचारणे किंवा सोप्या शब्दांत मांडणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे आणि तसे विचारल्याने कोणी नापास होत नाही. काही अधिकारी पुढे जाऊन एखाद्या शब्दाचा अर्थही विचारतात, तेव्हा केवळ 'नो' पाठ केलेला विद्यार्थी अडतो.

वाचन आणि लेखन त्या मानाने सौम्य आहे. तीनपैकी एक वाक्य बरोबर वाचायचे आणि तीनपैकी एक ऐकून बरोबर लिहायचे, तेही खात्याने आधीच जाहीर केलेल्या वाचनाच्या आणि लेखनाच्या शब्दयाद्यांतून, ज्या प्रत्येकीत शंभराच्या आतच शब्द आहेत. वाक्याचा अर्थ बिघडवत नाहीत अशा स्पेलिंगच्या चुका चालतात. मराठी विद्यार्थ्याची अडचण इथे कानाची आहे: 'व्होट' आणि 'वाँट' या दोन्ही शब्दांचा आरंभ त्याला एकाच 'व'चा वाटतो, आणि दोन्ही शब्द लेखनाच्या यादीत आहेत. वहीत इंग्रजी उत्तरे देवनागरीत उतरवून घेण्याची युक्ती बोलण्यापुरती उत्तम चालते, पण श्रुतलेखनाच्या वेळी हाताला रोमन वळण नसल्याने तीच अंगाशी येते.

नागरिकशास्त्राच्या भागात विद्यार्थी कोरा नसतो, तो एका प्रजासत्ताकाचा अनुभवी नागरिक असतो, आणि हे ज्ञान जितके तारते तितकेच चकवते. संघराज्याचे कायदे कोण करते, या प्रश्नाचे 'काँग्रेस' हे उत्तर त्याला चटकन पाठ होते, कारण शब्द ओळखीचा आहे; फक्त त्याच्या डोळ्यांपुढे संसद न येता पक्ष उभा राहतो. गव्हर्नर म्हणजे राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल असे तो धरून चालतो, तर अमेरिकेत तो लोकांनी निवडलेला आणि अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारा असतो. उलट, राज्यांचा एक अधिकार सांगा या प्रश्नाच्या मान्य उत्तरांत जमिनीच्या वापराला मंजुरी देणे हे उत्तर आहे, आणि गोसीखुर्दच्या परिसरातील माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे, म्हणजे इंदिरासागर प्रकल्पाचे, भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळून केंद्राचा निधी आला, तरी पाणी हा भारताच्या घटनेत राज्यसूचीतील विषय असल्याने धरण बांधणारे आणि बुडीत गावांच्या पुनर्वसनासाठी ज्याचे दार ठोठावायचे ते सरकार राज्याचेच राहिले. केंद्र आणि राज्य यांत सत्ता कशी वाटलेली असते हे ज्याने मोबदल्याच्या फायलीमागे फिरून जाणले आहे, त्याला संघराज्य ही कल्पना नव्याने शिकवण्याची गरज नाही. त्याला फक्त तिची इंग्रजी नावे द्यायची आहेत. दुर्दैवाने बाजारातील बहुतेक मार्गदर्शिका विद्यार्थ्याला काहीच ठाऊक नाही असे मानून लिहिलेल्या असतात.

इतर काही देशांनी हे काम यंत्रावर सोपवले आहे. ब्रिटनमध्ये संगणकावर चोवीस प्रश्नांपैकी अठरा बरोबर यावे लागतात, ऑस्ट्रेलियात वीसपैकी पंधरा आणि त्यांत मूल्यांवरील पाचही. भारतात ठरीव प्रश्नांची अशी परीक्षा नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याची तिसरी अनुसूची भाषेबाबत अर्जदाराला घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे एवढेच म्हणते, म्हणजे मराठीच्या बळावरही भाषेची अट पुरी होते. जुन्या भंडारा जिल्ह्यात, आजच्या गोंदियातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, १९७० च्या दशकापासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे; तेथील ज्यांचा जन्म १ जुलै १९८७ पूर्वी भारतात झाला त्यांचे नागरिकत्व जन्माधिष्ठित असल्याने त्यांच्या बाबतीत भाषेचा प्रश्नच उद्भवत नाही.

अमेरिकेतील परीक्षेची घडण मात्र अलीकडे वारंवार बदलली आहे. २००८ पासून शंभर प्रश्नांच्या यादीतून दहा विचारले जात आणि सहा बरोबर आले की अर्जदार उत्तीर्ण होई; डिसेंबर २०२० मध्ये यादी १२८ प्रश्नांची झाली, काही महिन्यांतच ती मागे घेण्यात आली, आणि २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी पुन्हा १२८ प्रश्नांची यादी लागू झाली, ज्यातून वीसपर्यंत प्रश्न विचारून बारा बरोबर असावे लागतात. बारा बरोबर किंवा नऊ चूक झाली की अधिकारी थांबतो. पासष्टी ओलांडलेल्या आणि वीस वर्षे वास्तव्य झालेल्या अर्जदारांना वीसच निवडक प्रश्न अभ्यासावे लागतात. नापास झालेल्याला साठ ते नव्वद दिवसांत राहिलेल्या भागापुरती दुसरी संधी मिळते. तीही हुकली तर नवा अर्ज आणि पुन्हा संपूर्ण शुल्क. त्यातच काही उत्तरे निवडणुकीगणिक बदलतात, कारण आपल्या राज्याचा गव्हर्नर आणि आपला सिनेटर यांची नावे मुलाखतीच्या दिवशी जी असतील तीच सांगावी लागतात. त्यामुळे वर्गात नव्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो अर्ज कोणत्या तारखेला दाखल केला हा, आणि दुसरा, राहता पत्ता कोणत्या राज्यातला.