आधी वेळ काढा

मैदानावरचं भौतिकशास्त्र : भाग ५

गोलापासून २० मीटरवर फ्री किक मिळाली आहे. नियमाप्रमाणे समोरच्या संघाचे खेळाडू चेंडूपासून ९.१५ मीटरवर भिंत करून उभे आहेत. त्यांची उंची १.९ मीटर धरू. गोलाच्या आडव्या खांबाची खालची कड जमिनीपासून २.४४ मीटरवर असते. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, जमिनीशी २० अंशांचा कोन करून उडाला, तर तो भिंतीवरून जाईल का? आणि गेला तर खांबाखालून आत शिरेल का?

असं गणित समोर आलं की अकरावीचा विद्यार्थी आधी सूत्रं आठवू लागतो. पल्ल्याचं, महत्तम उंचीचं, उड्डाणकालाचं. तिन्ही सूत्रं बरोबर आहेत आणि इथे एकही कामाला येत नाही. पल्ल्याचं सूत्र चेंडू उडाला त्याच पातळीवर परत आला तरच लागू पडतं. आपल्याला तर तो वाटेतच, हवेत असताना गाठायचा आहे. सूत्रांच्या पाठांतराने या विषयाचं फार नुकसान केलं आहे, असं माझं ठाम मत आहे. लागते ती एकच कल्पना. गॅलिलिओने ती आपल्या अखेरच्या ग्रंथात मांडली. नजरकैदेत लिहिलेला तो ग्रंथ १६३८ साली लायडनमध्ये छापला गेला. फेकलेल्या वस्तूची आडवी चाल आणि उभी चाल एकमेकींच्या कामात लुडबुड करत नाहीत. आडवी चाल एकसारखी राहते, पडणं आपल्या नियमाने चालू राहतं. दोन्हींत सामाईक असते ती फक्त वेळ.

म्हणून आधी वेळ काढायची. गुरुत्वाकर्षण नसतं तर चेंडू २० अंशांच्या सरळ रेषेत जातच राहिला असता. प्रत्यक्षात तो त्या रेषेपासून खाली घसरतो. किती? हातातून नुसता सोडलेला चेंडू तेवढ्या वेळात जितका पडेल तितकाच : ४.९ गुणिले वेळेचा वर्ग, मीटरमध्ये. फटका कितीही जोराचा असो, कोन कोणताही असो, ही घसरण फक्त वेळेवर ठरते.

आता आकडे घालू. २० अंशांचं कोसाइन ०.९४, म्हणून आडवा वेग सेकंदाला १८.८ मीटर. भिंतीपर्यंत पोचायला ०.४८७ सेकंद लागतात. तिथे सरळ रेषा ३.३३ मीटर उंचीवर असते (९.१५ गुणिले २० अंशांचं टॅन, म्हणजे ०.३६४). घसरण १.१६ मीटर. उरले २.१७ मीटर. चेंडू सुरुवातीला जमिनीवर टेकलेला होता, त्यामुळे ही उंची चेंडूच्या खालच्या कडेची आहे. म्हणजे डोक्यांवरून २७ सेंटीमीटर मोकळे. गोलापर्यंत १.०६४ सेकंद. रेषेची उंची ७.२८ मीटर, घसरण ५.५५, उरले १.७३. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटीमीटर, तेव्हा वरची कड १.९५ मीटरवर. गोल!

याच कोनात फटका जोरात, २५ मीटर वेगाने मारला तर? रेषा तीच, ७.२८ मीटर. वेळ मात्र ०.८५ सेकंद, म्हणून घसरण जेमतेम ३.५५. चेंडू ३.७३ मीटर उंचीवरून, खांबाच्या कितीतरी वरून निघून जातो. जोर वाढला की पडायला वेळ मिळत नाही. मग कोन कमी करू. १६ अंशांना चेंडूची वरची कड २.५६ मीटरवर येते, म्हणजे खांबावर आपटते. १५ अंशांना गोलाची उंची बरोबर जमते, पण भिंतीपाशी खालची कड १.७५ मीटरवर, म्हणजे चेंडू खेळाडूच्या तोंडावर. मधले कोन वापरून पाहा. खांबाखालून जेमतेम जाईल असा कोन घेतला तरी भिंतीपाशी सुमारे पाच सेंटीमीटर कमी पडतात. आभाळात उंच उडवलेला फटका सोडला, तर या वेगाला वाट नाहीच. म्हणून जोरात फ्री किक मारणारे चेंडूला पुढच्या बाजूने फिरकी देतात. फिरकीमुळे हवाच त्याला खाली दाबते. ती गोष्ट पुढच्या भागात.

उंच उडवलेल्या फटक्याचा उल्लेख आलाच आहे, तर क्रिकेटकडे वळू. सीमारेषेवरून यष्टिरक्षकापर्यंत ६० मीटर अंतर आहे आणि क्षेत्ररक्षक सेकंदाला ३० मीटर वेगाने चेंडू फेकतो. सुटण्याची आणि झेलण्याची उंची एकच धरू. इथे पल्ल्याचं सूत्र खुशाल वापरावं. उत्तरं दोन येतात : २०.४ अंश आणि ६९.६ अंश. दोघांची बेरीज नव्वद. पुष्कळ विद्यार्थी कॅल्क्युलेटरने दिलेलं पहिलं उत्तर लिहून मोकळे होतात, दुसरं त्यांना दिसतच नाही. गणिताच्या दृष्टीने दोन्ही खरी आहेत. निवाडा वेळ करते. खालचा चेंडू २.१३ सेकंदांत पोचतो, वरचा ५.७४ सेकंदांत. दोन क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. सेकंदाला सहा मीटर वेगाने पळणारा फलंदाज ते तीन सेकंदांत कापतो. पहिल्या फेकीवर तो धावबाद होऊ शकतो; दुसऱ्या फेकीवर त्याची दुसरी धावही जवळपास पुरी झालेली असते.

या सगळ्यात आपण हवा विसरलो, हे सांगायलाच हवं. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास क्रिकेटच्या चेंडूला हवेचा जो अडथळा होतो, तो त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या घरात जातो. म्हणून २०.४ अंशांची फेक खऱ्या मैदानावर ६० मीटरपर्यंत पोचणार नाही. कोन थोडा वाढवावा लागेल किंवा एक टप्पा घ्यावा लागेल. कागदावरच्या अन्वस्ताशी, म्हणजे हवा नसताना मिळणाऱ्या वक्र मार्गाशी, सर्वांत प्रामाणिक राहतो तो गोळाफेकीचा गोळा. पुरुषांच्या खुल्या स्पर्धेतला गोळा ७.२६ किलोचा असतो. त्याला होणारा हवेचा अडथळा वजनाच्या एक टक्काही नसतो.

त्यामुळे गोळ्याचं गणित उलटं सोडवता येतं. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवलं. गोळा हातातून किती वेगाने सुटला असेल? कोन ३८ अंश आणि हाताची उंची २ मीटर धरू. हे दोन आकडे माझे, अंदाजाचे. सरळ रेषेत गोळा १६.३२ मीटरवर १२.७५ मीटर चढला असता, वर हाताचे दोन मीटर. प्रत्यक्षात तो जमिनीवर आला, म्हणजे एकूण घसरण १४.७५ मीटर. तिला ४.९ने भागून वर्गमूळ काढलं की वेळ मिळते : १.७३५ सेकंद. म्हणून आडवा वेग ९.४ आणि एकूण वेग सेकंदाला सुमारे ११.९ मीटर, ताशी ४३ किलोमीटर. वर्गसमीकरण नाही, की ऋण मूळ टाकून देण्याची भानगड नाही.

आता अंदाज बदलून पाहा. कोन ३६ धरला तर वेग १२.० येतो, ४० धरला तरी ११.९. हाताची उंची २० सेंटीमीटरने कमी केली तरी उत्तर १२.०च. सर्वाधिक पल्ल्याच्या कोनाजवळ पल्ला कोनाबरोबर फारसा हलत नाही, म्हणून चुकीच्या अंदाजाचा फटका इतका कमी बसतो. त्याच कारणाने गोळाफेकपटू ४५ अंशांच्या बऱ्याच खाली राहतात : कोन थोडा उतरवला तर अंतर जेमतेम घटतं, पण हाताला जोर जास्त लावता येतो, आणि पल्ला वाढतो वेगाच्या वर्गाने.