पगचे व्यक्तिचित्र आणि चित्रशैली

पाळीव पग कुत्र्याचे चित्र काढून घेताना शैली म्हणजे रंगसंगती किंवा पेहराव, असा समज बराच आढळतो. प्रत्यक्षात शैली म्हणजे आकार, रेषा, प्रकाश यांविषयी चित्रकाराने घेतलेले निर्णय. एकच बंदिश दोन घराण्यांत निराळी उलगडते, तसे हे. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थने १७४५ च्या आत्मचित्रात आपला पग (नाव चक्क ट्रम्प!) वास्तवदर्शी पद्धतीने रंगवला. घनवादात (एकच वस्तू अनेक कोनांतून एकत्र दाखवण्याची पद्धत) पगचा तोच चेहरा तुकड्यांत विभागला जातो. तेव्हा घनवादी चित्र हुबेहूब नाही, ही तक्रार गैरलागू ठरते. हुबेहूबपणा हवा असल्यास वास्तवदर्शी शैलीच सांगावी आणि काळ्या तोंडावरच्या घड्या दिसतील असे, बाजूच्या उजेडातले छायाचित्र चित्रकाराला द्यावे.