सूत्रं ताशाच्या हातात

ढोल-ताशा पथकं पेशवाईपासून चालत आली आहेत, असं पुण्याच्या सदाशिव पेठेत कुणीही छातीठोकपणे सांगतं. वाद्यं जुनी आहेत, त्यात वाद नाही. पण एकरंगी झब्बे, पुढे नाचणारे ध्वज, शिट्टीसरशी बदलणारे हात, म्हणजे ठेके, आणि पन्नास-शंभर पोरंपोरी, हा थाट पेशव्यांनी पाहिलेला नाही. पेशवाई संपली १८१८ साली. मुळशी-मावळाकडचं गावातलं ढोलवादन शाळकरी मुलांच्या हाती शिस्तीत दिलं ते पुण्यातल्या शाळांनी, तेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी सुरू केलेल्या, याच पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीचा वाटा मोठा. तिथलं बरची नृत्याचं पथक आजही गाजतं. थोडक्यात, ही ‘परंपरा’ पेठेतल्या बऱ्याच आजोबांपेक्षा वयाने लहान आहे.

ढोल मोठा दिसतो, म्हणून पथक तोच चालवतो असंही वाटतं. प्रत्यक्षात सूत्रं ताशाकडे. गळ्यात अडकवलेलं उथळ भांडं, त्यावर ताणलेलं पान, हातात दोन बारीक काड्या. ताशाची तर्री, म्हणजे सलग कडकडाट, सुरू होते, लय तोच चढवतो आणि त्याने खूण दिल्याशिवाय ढोल हात बदलत नाहीत. एखादा ढोलवाला चुकला तर शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. ताशा चुकला की अख्खी रांग विस्कटते.

बरं, हा ताशा तरी अस्सल मराठी आहे का? नाव फारसी वळणाचं. लखनौ-हैदराबादेकडे तो मोहरमच्या मिरवणुकीत वाजतो. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांबरोबर तो त्रिनिदादला पोचला. तिथे त्याला ‘तासा’ म्हणतात, साथीला मोठा ढोल आणि झांज. लग्नांतही तो लागतोच. भांडं मातीचं, आणि वाजवण्याआधी कातडं शेकोटीपाशी तापवून घट्ट करतात.

जोरात हाणलं की ढोल चांगला वाजतो, या समजाचं उत्तर त्या शेकोटीतच आहे. ढोलाचा आवाज दंडात कमी, दोरीत जास्त. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडं ओल शोषतं, सैल पडतं आणि टोल भद्द वाजतो. मग टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, कितीही आपटा, पान फाटेल, नाद येणार नाही. प्लॅस्टिकची पानं आली ती म्हणूनच. ती पावसाला भीत नाहीत. पण घुमावं ते कातड्यानेच, असं जुने वादक म्हणतात, आणि माझा कान त्यांच्याच बाजूचा.

वादकांना भरपूर पैसे मिळतात, हीसुद्धा ऐकीव गोष्ट. बहुतेक पथकांत कुणी पगारी नसतं. सुपारीचे पैसे वाद्यांच्या डागडुजीत आणि टेंपोच्या भाड्यात जातात.

सध्याचा सर्वांत पक्का गैरसमज कोर्टाविषयीचा. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना ३० जणांची मर्यादा घातली आणि १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ‘आता बंधन नाही’ असा अर्थ अनेकांनी काढला. स्थगिती संख्येला होती. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम होते तिथेच आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० नंतरची बंदी फक्त स्पीकरला आहे, असं पथकवाले हटकून सांगतात. पण नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ध्वनिक्षेपकांना १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, तीही शांतता क्षेत्र सोडून.