उन्हाळ्याच्या अखेरीस उजनीतली मासेमारी : पाणी ओळखा, बीज राखा



वैशाख सरत आला की धरणकाठच्या घरात दोन काळज्या एकदम येतात. उभ्या उसाला पाणी पुरेल का, ही एक. खरिपाच्या बियाणे-खताला पैसा कुठून आणायचा, ही दुसरी. अशा ओढगस्तीच्या दिवसांत काठावरच्या बऱ्याच कुटुंबांना मासळीचा आधार होतो. पाणी उतरलेले असते, मासा थोड्या जागेत गोळा झालेला असतो आणि जाळे रिकामे येत नाही. पण याच दिवसांत मादीच्या पोटात अंडी भरत असतात. म्हणून आज काय धरायचे आणि काय सोडायचे, यावर पुढच्या सालची मासळी ठरते. रेडिओवर ऐकलेले कामाच्या घाईत विसरते, म्हणून मुख्य गोष्टी या पत्रकात दिल्या आहेत. घरात खिळ्याला अडकवून ठेवा.

आपण उदाहरण घेऊ भीमेवरच्या उजनी धरणाचे. बाकी जलाशयांनाही यातले बरेचसे लागू पडते.

१. पाणी उतरते म्हणजे काय होते?

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. ते भरते तेव्हा साठा सुमारे ११७ टीएमसी असतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला की 'धरण वजामध्ये गेले' असे आपण म्हणतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. अशा साली पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, जुन्या गावांच्या भिंती दिसू लागतात आणि पाणी हळूहळू भीमेच्या जुन्या पात्राकडे सरकते. पाण्यामागोमाग मासाही तिकडेच सरकतो.

दुसरा फरक पडतो प्राणवायूचा. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशाला साधारण साडेसात. त्यातच पुणे-पिंपरीकडून येणाऱ्या सांडपाण्यामुळे उजनीचे पाणी उन्हाळ्यात हिरवेगार होते. हा हिरवा रंग शेवाळाचा. शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच तो घेते. त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून भकाभका श्वास घेताना दिसले, तर पाणी गुदमरले आहे असे समजा.

खोल पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. वरचा थर तापतो, खालचा गार राहतो आणि दोन्ही सहजी मिसळत नाहीत. गार पाण्यात मासा असेल असे आपल्याला वाटते, पण तळाशी गाळ कुजत असल्यामुळे तिथे प्राणवायू फार थोडा असतो. म्हणून मासा ना अगदी वर, ना अगदी तळाला, मधल्या थरात थांबतो. जाळे तळाला टेकवून रिकामे येत असेल, तर ते वर घेऊन बघा.

२. मासा कुठे आणि केव्हा?

सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर मासा चरायला उथळ पाण्यात येतो. भर दुपारी तो खोल पाण्यात किंवा बुडालेल्या झाडांच्या, पुलाच्या सावलीला जातो. तेव्हा दुपारी जाळे टाकून घाम गाळू नका. ती वेळ जाळे सांधायची.

वारा ज्या काठावर येऊन आदळतो, त्या काठाकडे लक्ष ठेवा. लाटांनी पाण्यात हवा मिसळते आणि वाऱ्याबरोबर माशाचे बारीक खाद्यही तिकडे लोटले जाते. वळवाचा पाऊस पडून ओढ्याचे गढूळ पाणी जलाशयात शिरले, की त्या तोंडाशी मासे येतात.

प्रत्येक माशाची खोडही वेगळी. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. मरळ काठच्या गवतात दबा धरून बसते. ती वरची हवा घेऊ शकते, म्हणून गुदमरलेल्या पाण्यातही तगते. चिलापी, म्हणजे तिलापिया, उथळ काठाला ताटासारखे खड्डे करून राहते. असे खड्डे दिसले की चिलापीचा ठिकाणा लागला म्हणून समजा.

३. जाळे कोणते, गळ कोणता?

फासाचे जाळे : हे पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. संध्याकाळी टाकावे आणि उजाडायच्या आत उचलावे. उन्हाळ्याच्या पाण्यात अडकलेला मासा लवकर मरतो आणि मेल्यावर लवकर नासतो. म्हणून रात्रीतून एक फेरी मारून अडकलेला मासा काढून घेतला, तर सकाळी माल ताजा राहतो.

जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, फार महत्त्वाचा. आस ताणून मोजावा. कटला-रोहूसाठी तो ४ इंचांपेक्षा कमी नसावा, म्हणजे लहान पोरे निसटून जातात. चिलापीसाठी दोन-सव्वादोन इंचांचा आस चालतो, पण ते जाळे उथळ काठालाच लावावे.

फेकीचे जाळे : काठाच्या कमरेइतक्या पाण्यात, सकाळ-संध्याकाळ. चिलापीसाठी चांगले. यात मासा जिवंत हाती येतो, म्हणून नको तो परत सोडता येतो.

गळ : चिलापीला गांडूळ, मृगळ-रोहूला कणकेचा घट्ट गोळा, मरळीला लहान जिवंत मासा. खर्च कमी, नुकसान कमी आणि घरच्या कालवणापुरते मिळते.

बारीक आसाचे ओढीचे जाळे, ज्याला काठावर वडाप म्हणतात, ते मात्र लावू नका. त्यात बोटाएवढे पिल्लूसुद्धा सुटत नाही. पाव किलोचा कटला आज बाजारात नेला तर किरकोळ मालात जमा होतो. तोच पाण्यात राहिला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत किलोच्या वर जाऊ शकतो. खुरपणीला आलेले पीक कोणी कापून बाजारात नेतो का? तसेच हे.

४. बियाण्याचा मासा ओळखा

आपण ज्वारीचे चांगले कणीस बियाण्याला बाजूला काढतो. माशाचेही बियाणे असते. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले की ते प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि तिथे अंडी सोडतात. किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटात दोन लाखांच्या घरात अंडी असतात. यातली फार थोडी पिल्ले मोठी होतात हे खरे, पण मादीच गेली तर तेवढीही होणार नाहीत.

ओळखायचे कसे? मे-जूनमध्ये मादीचे पोट फुगलेले आणि हाताला मऊ लागते, मागचे द्वार लालसर दिसते. नराचा कल्ल्याजवळचा पर हाताला खरबरीत लागतो आणि पोट हलके दाबले तर दुधासारखा द्रव येतो. असा मासा जिवंत असेल तर हात ओले करून, कल्ल्यात बोट न घालता, अलगद पाण्यात सोडा.

चिलापीची गोष्ट निराळी आहे. हा मासा बाहेरचा. १९५२ मध्ये तो आपल्या देशात आणला गेला. तो साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेक वेळा पिल्ले देतो आणि दुसऱ्या माशांच्या खाद्यात वाटेकरी होतो. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी पैशाची गरज असेल, तर हात चिलापीवर चालवा आणि कटला-रोहूची भरलेली मादी राखा. दोन्ही बाजूंनी फायदा तुमचाच.

जुन्या पात्रातला सर्वांत खोल डोह सगळ्यांनी मिळून राखला, तर फारच उत्तम. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे देवीचे मानून कोणी धरत नाही आणि ते हात-हात लांबीचे होतात. आपल्या गावाने संस्थेच्या बैठकीत एक डोह ठरवून सोडला, तर बियाण्याची कोठी भरलेली राहील.

आणि जूनमध्ये नदीला पहिले गढूळ पाणी आले की ओढ्या-नदीच्या तोंडाशी आडवे जाळे लावू नका. तो चढणीचा मासा असतो. पावसाळ्यातल्या बंदीबाबत त्या वर्षीच्या सूचना जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. धरणाच्या पाण्यात जाळे टाकायचे तर संस्थेचे सभासदत्व किंवा परवाना हवा, हेही ध्यानात ठेवा.

५. सुरुंग आणि विष : मुळीच नको

पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारणे हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बघा. स्फोटाने मेलेले कितीतरी मासे तळाला बसतात, हाती लागत नाहीत. अंडी, पिल्ले, खाद्य सगळे जाते. विष टाकलेले पाणी तुमचीच जनावरे पितात. पाण्यात वीजप्रवाह सोडणाऱ्याचा तर स्वतःचाच जीव जातो.

गाळपेराच्या रानात औषध मारले असेल, तर पंप आणि डबे जलाशयात धुऊ नका. काही कीटकनाशके अगदी थोडी असली तरी माशाला मारक ठरतात.

६. मासा हाती आला, आता तो टिकवा

मे महिन्याच्या उन्हात मासा काही तासांत नासतो. पकडल्याबरोबर स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत ठेवा, वर ओले गोणपाट टाका. बाजार लांब असेल तर बर्फ हवाच. उन्हाळ्यात जेवढा मासा, तेवढाच बर्फ, असे प्रमाण धरा. तळाला बर्फाचा थर, वर मासा, पुन्हा बर्फ. पेटीला खाली भोक ठेवा म्हणजे वितळलेले पाणी निघून जाईल. भिगवण-इंदापूरच्या लिलावात व्यापारी आधी कल्ले उघडून बघतो. कल्ले लाल, डोळा चकचकीत आणि अंग घट्ट असेल तर भाव मागायला तोंड राहते.

आपोआप मरून वर आलेला मासा विकू नका आणि घरीही खाऊ नका.

७. जीव आधी, मासा मागून

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगाव ते कळाशी या वाटेवर उजनीत वादळी वाऱ्याने होडी उलटली आणि सहा जण बुडाले. उन्हाळ्याच्या अखेरचा वळीव असा न सांगता येतो. म्हणून पुढील गोष्टी पाळा.

• दुपारनंतर आभाळ भरून आले, वारा पडून एकदम उकडू लागले, की होडी काठाला लावा. जाळे राहिले तर राहू द्या.

• प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट हवे. ते नसेल तर निदान हवा भरलेली ट्यूब होडीत हाताशी ठेवा. एकट्याने रात्री पाण्यात जाऊ नका.

• विजेची सूचना देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या हवामान संस्थेने काढले आहे. घरातल्या पोराकडून ते फोनवर घालून घ्या.

• पाणी उतरले की आपण मोटारी पुढे सरकवतो, पाण्यातून केबल आणि पाईप टाकतो. तिथे जाळे ओढू नका. सोललेल्या केबलचा झटका जीवघेणा असतो. मोटारवाल्यानेही जोड उघडा ठेवू नये.

• पाण्याखाली जुन्या विहिरी आहेत. ओळख नसलेल्या ठिकाणी पायी उतरू नका. गावातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा, कुणाच्या रानात विहीर होती ते त्यांना पाठ असते.

• उघड्या पडलेल्या गाळावर वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली चिखल असतो. काठीने चाचपून पाय टाका आणि पोरांना तिथे खेळू देऊ नका.

थोडक्यात

सकाळ-संध्याकाळ जाळे टाका, दुपारी विसावा घ्या. आस मोठा ठेवा. चिलापी धरा, भरलेली मादी सोडा. बर्फाला पैसे घाला, भावात परत मिळतील. आभाळ फिरले की काठ गाठा. आणि पहिल्या पुराच्या पाण्यात चढणीच्या माशाला वाट द्या.

धरण झाले तेव्हा काठच्या कित्येक घरांची काळीभोर रानं या पाण्याखाली गेली. आता हे पाणीही एक रानच आहे. रान राखले तर ते पिकते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. काही शंका असल्यास आमच्या कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र टाका, पुढच्या भागात उत्तर देऊ.