ताटसुद्धा खायची भाकरी



जेवण झाल्यावर आपण ताट घासून ठेवतो. पण ताटच खाऊन टाकलं, असं कुठं ऐकलंय का? युरोप खंडात स्पेन नावाचा देश आहे. गुरुजींनी तो आम्हाला नकाशात दाखवला. त्याच्या मधल्या भागात ला मांचा नावाचा उंच, कोरडा माळ आहे. तिथली एक भाकरी अशी आहे. तिचे नाव तोर्ता सेन्सेन्या. सेन्सेन्या म्हणजे न आंबवलेली.

ही भाकरी मेंढपाळांची आहे. स्पेनमधले मेंढपाळ पूर्वी चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन फार लांब जात. थंडीत दक्षिणेकडे आणि उन्हाळ्यात परत उत्तरेकडे. त्यांची मेस्ता नावाची मोठी संघटना होती. राजाने १२७३ साली तिला मान्यता दिली आणि ती १८३६ पर्यंत टिकली. आपल्याकडचे धनगरसुद्धा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. वाटेत भूक तर लागणारच!

पाव करायला पीठ आंबवावे लागते, ते फुगेपर्यंत थांबावे लागते आणि भट्टी लागते. रानात भट्टी कुठून आणणार? म्हणून मेंढपाळ ही सोपी भाकरी करत. तिला फक्त गव्हाचे पीठ, पाणी आणि मीठ लागते. पीठ चांगले मळायचे आणि मोठी, गोल, पातळ भाकरी करायची. शेकोटीखालची जमीन चांगली तापली की ती झाडून घ्यायची. तिच्यावर भाकरी ठेवायची आणि वरून निखारे व गरम राख पसरायची. भाजली की राख झटकली, झालं काम! ही भाकरी पातळ आणि कोरडी असते. तिच्यात पाणी कमी, म्हणून तिला लवकर बुरशी येत नाही. ती बरोबर नेता येते.

मग मेंढपाळ रानातला ससा किंवा तितर शिजवून रस्सा करत. त्यात लसूण आणि रानातली वासाची पाने घालत. त्या रश्श्यात भाकरीचे तुकडे टाकून परत शिजवत. तुकडे रस्सा पितात आणि मऊ होतात. भाकरीच्या पिठाने रस्साही दाट होतो. थोड्या मांसात सगळ्यांचे पोट भरते. या कालवणाला गास्पाचोस म्हणतात. टोमॅटोचे थंड गास्पाचोही स्पेनमध्ये असते, पण ते वेगळे.

माझी आई वरणफळं करते, तसंच हे मला वाटलं. पण वरणफळात कच्च्या कणकेचे तुकडे टाकतात, आणि इथे भाकरी आधी भाजून घेतात.

आता ताटाची गंमत. दुसरी एक अख्खी भाकरी मधे ठेवायची आणि तिच्यावर कालवण वाढायचे. सगळे गोल बसून खातात. शेवटी रस्सा प्यालेली खालची भाकरी पण खातात. भांडं घासायला नको आणि काही वाया जात नाही. रानात पाणी कमी असते ना!

स्पेनच्या डॉन किहोते या जगप्रसिद्ध पुस्तकाचा दुसरा भाग १६१५ साली छापला. त्यातसुद्धा गास्पाचोसचे नाव आहे. सांचो हा गरीब शेतकरी मोठा अधिकारी होतो, पण वैद्य त्याला धड जेवू देत नाही. तेव्हा तो म्हणतो की याच्यापेक्षा माझे गास्पाचोस बरे.

आता ही भाकरी तिथल्या दुकानात पाकिटात मिळते. सणाला आणि सुट्टीत लोक हौसेने कालवण करतात. मेंढरांमागे चालणाऱ्या गरीब माणसांनी ती शोधून काढली, हे मला फार आवडले. म्हणून कुणी डब्यात कोरडी भाकरी आणली तर त्याला हसू नका. भाकरी कुठलीही असो, ती टाकू नका.

(इयत्ता ४ थी)