विश्लेषण : जुन्नर-आंबेगावच्या आकाशातील दिवे नेमके कशाचे? तपास कसा होतो?

जून-जुलै २०२४ मध्ये जुन्नर, आंबेगावसह पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री आकाशात फिरणाऱ्या दिव्यांनी ग्रामस्थांची झोप उडवली. चोर ड्रोनने घरांची टेहळणी करतात, अशी चर्चा पसरली आणि अनेक गावांत तरुण रात्री गस्त घालू लागले. बिबट्यामुळे या पट्ट्यात रात्री शेतात जाणे आधीच जोखमीचे. त्यात ही भर.

लष्करालाही चकवा?

हो. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाख सीमेवर जवानांनी अशा प्रकाशांच्या ३२९ नोंदी केल्या. ते चिनी ड्रोन असावेत, असा संशय होता. अखेर बेंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेण्यात आली. ताऱ्यांच्या तुलनेत हे ठिपके कसे सरकतात, हे तपासल्यावर ते गुरू आणि शुक्र निघाले! अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२२ मध्ये अशा घटनांसाठी स्वतंत्र कार्यालयच स्थापन केले. परग्रहावरील तंत्रज्ञानाचा पुरावा नाही, असे त्याने मार्च २०२४ च्या अहवालात म्हटले.

जुन्नरमध्ये खोडदची महाकाय दुर्बीण आहे, पण तिचा येथे उपयोग नाही. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी टिपतात, दिवे नव्हे.

ड्रोन की आणखी काही?

बाजारातील लहान ड्रोनची बॅटरी साधारण अर्धा तास टिकते. दिवा दोन-तीन तास दिसत राहिला, तर ग्रहाची शक्यता अधिक. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा दिवा असतो. २०२१ च्या नियमांनुसार ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, उल्लंघनास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अर्थात, अंधारात तो क्रमांक वाचणार कोण?

त्यामुळे संशयाची सुई गावात आलेल्या अनोळखी माणसाकडे वळते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवण्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले होते.

काय करावे?

११२ वर कळवावे. वेळ, दिशा, दिवा किती मिनिटे दिसला आणि आवाज आला का, एवढे सांगावे. चित्रफितीत मंदिराचा कळस किंवा विजेचा खांब आला, तर दिवा सरकतो की नाही हे कळते.