लाल थेंब नेमका कुठून?

डेट्रॉईट शहराखाली सुमारे १,२०० फूट खोलीवर मिठाची प्रचंड खाण आहे. ज्या शहराने अमेरिकेला मोटारी दिल्या, त्याच्याच जमिनीखाली मोटारींचा हा शत्रू साठलेला आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ वितळतो आणि ते खारं पाणी गाड्यांच्या खालच्या बाजूला उडत राहतं. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क या पट्ट्यातली पंधरा-वीस वर्षांची पिकअप वर उचलून पाहिली, तर ब्रेकच्या नळ्यांच्या जोडीने आणखी दोन पोलादी नळ्या गंजलेल्या सापडतात. एक नळी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं गरम ऑइल पुढे रेडिएटरमधल्या कूलरकडे नेते, दुसरी थंड झालेलं ऑइल परत आणते. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेले मराठी तरुण पुष्कळदा अशीच वापरलेली गाडी घेतात. तिच्याखाली लाल डाग दिसला की सल्ला ठरलेला असतो : गिअरबॉक्स गेला, गाडी काढून टाक.

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. गिअरबॉक्स धडधाकट असतो आणि गळत असते ती बाहेरची नळी, असं अनेकदा घडतं. फसगत होते ती डागाच्या जागेमुळे. नळी पुढे फुटली तरी धावत्या गाडीच्या वाऱ्याने ऑइल मागे ओढलं जातं, गिअरबॉक्सच्या पॅनवर पसरतं आणि तिथून ठिबकतं. पाहणाऱ्याला वाटतं, पॅनचं गॅस्केट किंवा सील फुटलं. म्हणून आधी खालची बाजू स्वच्छ पुसून कोरडी करायची, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि ओल सर्वांत पुढे व सर्वांत वर कुठे उमटते ते शोधायचं. नळीला चिमट्याने धरून ठेवलेल्या जागा नीट पाहाव्यात. तिथे खारट चिखल अडकतो आणि गंज आतल्या आत नळी खातो. १९९९ ते २००६ या काळातल्या शेवरोले सिल्वराडोसारख्या गाड्यांत पोलादी नळी आणि रबरी होज जिथे धातूच्या कड्याने दाबून जोडलेले असतात, तो सांधाच पाझरू लागतो.

थेंब लाल आहे म्हणजे तो गिअरबॉक्सचाच, हेही खरं नाही. अनेक जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्ये हेच लाल ऑइल असतं आणि टोयोटाचं जुनं कूलंटही लाल असे. बोटावर घेऊन पाहावं. ऑइल तेलकट राहतं, कूलंट पाण्यासारखं असून त्याला गोडसर वास येतो.

“थोडंच गळतंय, ऑइल टाकत राहू” या समजुतीमागे ऑइलचं काम ठाऊक नसणं आहे. हँड गिअरच्या गाडीत ऑइल मुख्यतः वंगण असतं. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मात्र इंजिनाची ताकद ऑइलमधूनच पुढे जाते, क्लच त्याच्याच दाबाने पकडतात आणि तयार झालेली उष्णताही तेच वाहून नेतं. पातळी घसरली की पंप हवा ओढतो, क्लच घसरतात आणि जळतात. कूलरमधला प्रवाह तपासण्याची मेकॅनिकांची जुनी कसोटी अशी, की इंजिन नुसतं सुरू असताना २० सेकंदांत साधारण १ क्वार्ट, म्हणजे लिटरभराला थोडं कमी, ऑइल यायला हवं. यावरून हिशेब करावा. आज घाम फुटल्यासारखी दिसणारी गंजकी नळी महामार्गावर पूर्ण फुटली, तर मिनिटाला जवळजवळ ३ लिटर ऑइल रस्त्यावर सांडेल. ते तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर आग लागण्याचा धोकाही खरा आहे.

मग दुरुस्ती कशी करायची? इथे दोन उलट टोकांचे गैरसमज भेटतात.

काहींच्या मते दाब इतका असतो की रबर चालतच नाही. प्रत्यक्षात कूलरच्या नळीतला दाब गिअरबॉक्सच्या मुख्य दाबापेक्षा बराच कमी असतो आणि कंपन्या स्वतःच मध्ये रबरी तुकडा घालतात. दुसरे लोक घरात पडलेला कुठलाही होज कापून बसवतात. हीटरचा होज बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. ते गरम पाणी छान सोसतं, पण खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीच बनवलेला होज घ्यावा, तो एक्झॉस्टपासून लांब बांधावा. नळीच्या टोकाला उंचवटाही काढायला हवा. गुळगुळीत कापलेल्या नळीवर नुसता क्लॅम्प आवळला तर तापलेला होज एक दिवस सटकतो.

गंज दूरवर पसरला असेल, तर तुकडे जोडत बसण्यापेक्षा पूर्ण नळी बदलणंच शहाणपणाचं. तांब्याची नळी हाताने सहज वळते म्हणून मोह होतो, पण सततच्या थरथरीने तांबं कडक होऊन तडकतं. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळीही सहज वळते, टिकते आणि मिठाला दाद देत नाही.

नट जितका घट्ट तितकी गळती कमी, ही समजूत तर रेडिएटरचाच बळी घेते. कूलर रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असतो. नळीचा नट फिरवताना टाकीवरचं फिटिंगही फिरलं तर आतला सांधा ढिला होतो. दोन पाने लागतात : एकाने फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांवर भरवसा ठेवू नये. त्या रबरी सील फुगवतात, गंजून पडलेलं पोलादातलं भोक त्यांनी बुजत नाही.

डिपस्टिकवर ऑइल गुलाबी आणि दुधाळ दिसलं तर मात्र नळीचा विचार सोडावा. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट ऑइलमध्ये शिरल्याची ती खूण असते. २००५ ते २०१० मधल्या निस्सान पाथफाइंडर आणि एक्सटेरा याच दोषासाठी अमेरिकेत कुप्रसिद्ध झाल्या. अशी गाडी सुरूच करू नये, कारण ग्लायकॉल क्लचच्या पट्ट्यांचं अस्तर सोडवतं.

भारतात ही माहिती प्रत्येक ‘ऑटोमॅटिक’ला लागू होत नाही. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेला एएमटी हा मुळात हँड गिअरचाच गिअरबॉक्स आहे. क्लच आणि गिअरचं काम त्यात यंत्र करतं, त्यामुळे या नळ्याच नसतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या गाड्या कोकण किनाऱ्यावर फिरत असतील, तर तिथली खारी हवाही गंजाला पुरेशी आहे.

नळी बदलल्यावर ऑइलची पातळी मोजतानाही चुका होतात. बहुतेक अमेरिकी गाड्यांत ऑइल गरम, जमीन सपाट आणि इंजिन सुरू असायला लागतं. होंडाच्या पुष्कळ गाड्यांत गरम इंजिन बंद करून लगेच मोजतात. थंड असताना काठोकाठ भरलेलं ऑइल तापल्यावर वाढतं, आत फिरणाऱ्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो आणि दाब घसरतो. थोडं थोडं ओतून सगळे गिअर एकेकदा टाकून पाहावेत, पुन्हा मोजावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवे सांधे बोटाने चाचपावेत.